गाणं ओळखता आलं, तरी टॅग लिहायचा का हे वेगळं ठरवावं लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या हार्ड डिस्कवरून गोळा झालेल्या सुमारे ४०,००० फायली आहेत, बहुतेक एमपी३, काही फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार). निम्म्यांची नावं ‘ट्रॅक ०१’ छापाची, बाकीच्यांचे टॅग, म्हणजे फाईलमध्येच साठवलेली नाव-कलाकार वगैरे माहिती, अर्धवट किंवा चुकीचे. पायथन येतं. प्रत्येक गाणं आपोआप ओळखून नाव, कलाकार, अल्बम, वर्ष आणि मुखपृष्ठ भरणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. त्यासाठी मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवावं लागेल का, आणि माणसाचा हात न लागता हे सगळं पार पडेल का?

मी बरीच वर्षं संगीतसंग्रहांसाठी अशीच साधनं बांधते आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. मॉडेल शिकवायची गरज नाही. माणसाचा हात मात्र पूर्ण सुटणार नाही. रचना नीट केली तर तो थोड्याच फायलींना लावावा लागेल, एवढंच. ही रचना कशी करायची, हा खरा विषय आहे.

‘गाणं ओळखणं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. पहिला, फाईलमधला आवाज कुठल्या ध्वनिमुद्रणाचा आहे? दुसरा, ही प्रत कुठल्या अल्बममधून आली? तिसरा, हे कळल्यावर फाईलमध्ये नेमकं काय आणि कुठल्या पद्धतीनं लिहायचं? पहिल्या प्रश्नाला आज तयार, चांगलं उत्तर उपलब्ध आहे. नव्यानं काम करणारे बहुतेक जण आपली सगळी ताकद त्यावरच खर्च करतात. संग्रह बिघडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात.

काही गोष्टी तुमच्या संग्रहावर अवलंबून आहेत. फोल्डर अल्बमनुसार लावलेले असतील तर काम खूपच सोपं. सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये सुट्या पडलेल्या असतील तर अवघड. रेडिओवरून किंवा मैफलीत केलेली, कधीच प्रकाशित न झालेली मुद्रणं असतील तर ती कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत आणि त्यांच्यासाठी प्रोग्रॅमला गप्प बसता आलं पाहिजे. शिवाय हे सगळं स्वतःपुरतं आहे की विकायचं आहे, हेही आधी ठरवा. काही सेवा फक्त अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहेत.

आता ध्वनीच्या ओळखीकडे. यासाठी ध्वनिठसा वापरतात: आवाजातून गणितानं काढलेली छोटी खूण, जी फाईल एमपी३ असो वा फ्लॅक, १२८ केबीपीएस असो वा ३२०, साधारण सारखीच येते. तुमच्या कामाला क्रोमाप्रिंट ही मुक्त लायब्ररी आणि तिच्यावर चालणारी ॲकूस्टआयडी ही सेवा योग्य आहे. क्रोमाप्रिंट आवाज एका चॅनेलवर आणून ११,०२५ हर्ट्झवर उतरवते, ४,०९६ नमुन्यांच्या, एकमेकांवर चढलेल्या चौकटी घेते, आणि प्रत्येक चौकटीतली ऊर्जा सप्तकातल्या १२ स्वरस्थानांत वाटते. काळानुसार या १२ पट्ट्यांचं एक चित्र तयार होतं. त्या चित्रावरून १६ गाळण्या फिरवल्या जातात, प्रत्येकीतून २ बिट्स मिळतात, म्हणजे क्षणाक्षणाला ३२ बिट्सचा एक अंक. आपण काही बदललं नाही तर गाण्याचे पहिले १२० सेकंदच घेतले जातात. दोन ठसे जुळतात का, हे किती बिट्स वेगळे आहेत ते मोजून ठरतं. या सगळ्यात शिकवायचं काहीच नाही.

मोबाईलवर आजूबाजूचं गाणं ओळखणाऱ्या सेवांची पद्धत वेगळी असते, आणि दोन्हींची गल्लत बरेचदा होते. शझामची पद्धत २००३ साली एव्हरी वांग यांनी शोधनिबंधात मांडली. स्पेक्ट्रोग्राममधली (कुठल्या क्षणी कुठली वारंवारता किती जोरात आहे याच्या चित्रातली) ठळक शिखरं निवडायची, त्यांच्या जोड्या करायच्या, दोन वारंवारता आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर मिळून एक हॅश (माहितीवरून गणितानं काढलेला छोटा अंक) बनवायचा, आणि जुळलेल्या हॅशचे वेळेतले फरक एकाच जागी गोळा होतात का ते पाहायचं. गोंगाटातला, गाण्याच्या मधलाच काही सेकंदांचा तुकडा ओळखायला हे उत्तम. तुमच्याकडे पूर्ण आणि स्वच्छ फायली आहेत. त्यांना क्रोमाप्रिंट पुरते आणि हलकीही पडते. पण एखादी फाईल म्हणजे तासाभराचा सलग मिक्स असेल, किंवा टेपवरून उतरवताना वेग बदलून सूर सरकला असेल, तर क्रोमाप्रिंटकडून अपेक्षा ठेवू नका.

मशीन लर्निंगला जागा आहे ती संगीतप्रकार किंवा भाव यांचा अंदाज बांधण्यात. तो मत देण्याचा प्रकार आहे आणि त्याला ओळख म्हणता येत नाही. माझा सल्ला असा की पहिल्या आवृत्तीत तो भाग घेऊच नका.

ॲकूस्टआयडीला ठसा आणि गाण्याची लांबी पाठवली की ० ते १ मधला गुण आणि म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या डेटाबेसमधल्या रेकॉर्डिंगचे ओळखक्रमांक परत येतात. इथे बहुतेक प्रोग्रॅम सर्वाधिक गुणाचं पहिलं रेकॉर्डिंग उचलतात, त्याच्या यादीतला पहिला अल्बम घेतात आणि फाईलमध्ये लिहून मोकळे होतात. नेमकी इथेच थांबायची जागा आहे. म्युझिकब्रेन्झमध्ये रेकॉर्डिंग (एक ध्वनिमुद्रण), रिलीज (अल्बमची एक विशिष्ट आवृत्ती) आणि रिलीज ग्रुप (त्याच अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या मिळून) या वेगळ्या गोष्टी आहेत. एकच रेकॉर्डिंग मूळ अल्बमवर असतं, निवडक गाण्यांच्या संचावर असतं, चित्रपटगीतांच्या संकलनावर असतं, वीस वर्षांनी निघालेल्या नव्या आवृत्तीवरही असतं. आवाज सगळीकडे तोच, त्यामुळे ठसाही तोच. यातली तुमची प्रत कुठली, हे आवाज सांगू शकत नाही. पहिला अल्बम उचलण्याचा परिणाम असा होतो की बारा गाण्यांचा एक अल्बम सात वेगवेगळ्या संकलनांत विखुरला जातो आणि प्रत्येक गाण्याला वेगळं मुखपृष्ठ चिकटतं. प्रत्येक टॅग सुटा पाहिला तर बरोबर असतो. संग्रह मात्र आधीपेक्षा वाईट होतो.

दुसरी अडचण अशी की ॲकूस्टआयडीतल्या जोडण्या वापरकर्त्यांनीच पाठवलेल्या असतात. एका ठशाला दोन-तीन वेगळी रेकॉर्डिंग्ज लागलेली सर्रास दिसतात आणि त्यातलं एखादं निव्वळ चुकीचं असतं. एखाद्या गाण्याची छोटी आणि लांबवलेली आवृत्ती पहिल्या दोन मिनिटांत अगदी सारखी असू शकते. म्हणून लांबी स्वतंत्रपणे तपासाच. तीही जपून: बदलत्या बिटरेटच्या काही एमपी३ फायलींमध्ये सुरुवातीची माहिती-चौकट नसते, आणि मग लायब्ररी लांबीचा नुसता अंदाज देते, जो बराच चुकू शकतो. शंका आली की फाईल पूर्ण डीकोड करून लांबी मोजा.

तर मग अल्बम कसा ठरवायचा? माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी निर्णय हा की प्रोग्रॅमचं एकक फाईल नव्हे, फोल्डर असावं. समजा, एका फोल्डरमध्ये अकरा फायली आहेत. प्रत्येकीच्या ठशावरून संभाव्य रेकॉर्डिंग्ज काढा आणि प्रत्येक रेकॉर्डिंग ज्या ज्या रिलीजवर आहे त्यांची यादी करा. अकराच्या अकरा यादींत जे रिलीज येतं ते बहुधा तुमचं. सुट्या गाण्यासाठी वीस पर्याय असतात; अकरा गाण्यांचा छेद घेतला की उरतात एक-दोन.

उरलेल्या पर्यायांतून निवडताना प्रत्येक रिलीजसाठी एक ‘अंतर’ काढा. आधी कुठली फाईल कुठल्या ट्रॅकशी लावायची ते ठरवावं लागतं. फाईलींच्या नावातले क्रमांक चुकीचे असू शकतात, म्हणून प्रत्येक फाईल आणि प्रत्येक ट्रॅक यांच्यातला फरक मांडून एकूण फरक कमीत कमी होईल अशी जोडणी शोधा. हंगेरियन पद्धत नावाचं जुनं गणित हेच करतं आणि सायपाय या पायथन लायब्ररीत ते तयार मिळतं. फरकात काय धरायचं? ठसा जुळला का, लांबीतला फरक, नावातलं साम्य, ट्रॅक क्रमांक, आणि किती ट्रॅक उरले किंवा जास्त झाले. मी ठशाला आणि लांबीला सर्वांत जास्त वजन देते, नावाला त्याहून कमी, वर्षाला जवळजवळ काहीच नाही. लांबीवर इतका भर देण्याला कारण आहे. सीडीच्या काळात सीडीडीबी या डेटाबेसनं नुसत्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या जागा आणि एकूण लांबी यांवरून डिस्क ओळखायची सोय केली होती, ठशाशिवाय. बारा गाण्यांच्या लांबींचा क्रम योगायोगानं सहसा जुळत नाही. काही सेकंदांची सूट मात्र ठेवा, कारण एमपी३ करताना दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांत ट्रॅकमधली फट वेगळी असते.

जुने टॅग आणि फाईलींची नावं अर्धवट आहेत म्हणून टाकून देऊ नका. त्यांना साक्षीदार समजा: एकट्याच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही, पण दोघांचं म्हणणं जुळलं तर त्याला किंमत आहे. फोल्डरच्या नावात अल्बमचं नाव आणि वर्ष असेल तर नव्या आणि जुन्या आवृत्तीतला निर्णय अनेकदा तेवढ्यावरच होतो.

नावांची तुलना करताना लिपीकडे लक्ष द्या. हा भाग वेळखाऊ आहे आणि इथे आपल्याला इतरांपेक्षा जास्त त्रास होतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हानं लिहिता येतं, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनी. दिसायला एकच, बाइट्स वेगळे. एनएफसी नावाचं सामान्यीकरण हे जोडून एक करतं. पण ‘ज़’सारखी नुक्त्याची अक्षरं तेच एनएफसी उलट फोडून दोन चिन्हं करतं, नियमच तसा आहे. कुठलं रूप मिळतं यापेक्षा दोन्ही बाजूंना एकच रूप लावणं महत्त्वाचं. त्यात अदृश्य जोडचिन्हं असतात, देवनागरी नाव रोमनमध्ये लिहिण्याच्या पाच पद्धती असतात, कंसातले ‘रीमास्टर्ड’, ‘फीचरिंग’ असे शेपूटशब्द असतात. तुलनेसाठी नावाची एक साफ केलेली प्रत बनवा: एनएफसी केलेली, रोमन अक्षरं सगळी लहान (स्मॉल) केलेली, विरामचिन्हं आणि अदृश्य चिन्हं काढलेली. ही प्रत फक्त तुलनेसाठी. फाईलमध्ये ती कधीही लिहायची नाही, तिथे डेटाबेसमधलं मूळ नावच जाईल.

आता निर्णय. सगळ्यात जवळच्या रिलीजचं अंतर किती कमी आहे हे बघाच, पण त्याइतकंच दुसऱ्या क्रमांकाचं रिलीज किती मागे आहे तेही बघा. पहिलं अगदी जवळ आणि दुसरं खूप दूर, तर लिहा. पहिलं आणि दुसरं दोन्ही जवळ, तर गाणी ओळखली गेली आहेत पण आवृत्ती नक्की नाही. अशा वेळी दोन्ही रिलीज एकाच रिलीज ग्रुपची असतील तर अल्बमचं नाव, कलाकार आणि ग्रुपचं मूळ वर्ष लिहून टाकायला हरकत नाही. रिलीजचा ओळखक्रमांक रिकामा ठेवा. ग्रुप वेगळे असतील तर माणसाला विचारा. आणि काहीच जवळ नसेल तर फाईलला हात लावू नका. चुकीचा टॅग हा रिकाम्या टॅगपेक्षा वाईट असतो, कारण रिकामा नंतर शोधता येतो. चुकीचा खऱ्यासारखाच दिसतो आणि पुन्हा कोणी तपासत नाही.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: फोल्डर घ्या, ठसे आणि लांबी काढा, संभाव्य रिलीजचा छेद घ्या, जोडणी करून अंतर काढा, मग लिहा, विचारा किंवा सोडा. सुट्या फायलींसाठी छेद मिळत नाही, म्हणून तिथे मी फक्त गाण्याचं नाव आणि कलाकार भरते आणि अल्बमचा आग्रह धरत नाही.

लिहिण्याच्या भागात एमपी३चा इतिहास आडवा येतो. १९९६ सालचा आयडी३ टॅग म्हणजे फाईलच्या शेवटी चिकटवलेले १२८ बाइट्स, ज्यात नावाला ३० अक्षरं. नंतर फाईलच्या सुरुवातीला बसणारी आयडी३ ची दुसरी मालिका आली. तिच्या २.३ आणि २.४ या दोन्ही आवृत्त्या आजही सर्वत्र आढळतात, आणि एकाच फाईलमध्ये शेवटचा जुना टॅग आणि सुरुवातीचा नवा टॅग वेगवेगळं सांगत बसलेले दिसतात. युनिकोड अक्षरं साठवायला २.३ मध्ये यूटीएफ-८ नाही, यूटीएफ-१६ वापरावं लागतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ चालतं. टॅगमधल्या प्रत्येक चौकटीची (एका नोंदीच्या घराची) लांबी लिहायची रीतही बदलली: २.४ मध्ये प्रत्येक बाइटचे सातच बिट्स वापरतात, २.३ मध्ये आठही. २.३ मध्ये दोन कलाकार तिरक्या रेघेनं वेगळे करतात, त्यामुळे एसी/डीसी या बँडचं नाव दोन कलाकार होऊन बसतं, २.४ मध्ये शून्य बाइट वापरून ही अडचण सोडवली. हे सगळं स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी तयार लायब्ररी आहेत: पायथनमध्ये म्यूटाजेन, सी++ मध्ये टॅगलिब. कुठल्या आवृत्तीत लिहायचं हे तुमची गाणी वाजवणारी उपकरणं ठरवतील: जुनी असतील तर २.३, नाहीतर २.४. फ्लॅकमधल्या व्हॉर्बिस कॉमेंट या टॅगपद्धतीचं सोपं आहे, सगळं यूटीएफ-८ आणि एका घराच्या नावाखाली कितीही नोंदी.

जुन्या टॅगमध्ये अनेकदा अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांची रांग दिसते. टॅग ‘लॅटिन-१’ असल्याचं सांगतो आणि आत भलत्याच कोडपेजचे (अक्षरांना अंक देण्याच्या दुसऱ्याच पद्धतीचे) बाइट्स असतात. ते आपोआप दुरुस्त करायच्या मागे लागण्यापेक्षा त्या टॅगला पुरावा म्हणून धरूच नका. ठसा जुळला की खरं नाव मिळतंच.

कलाकार आणि अल्बम-कलाकार ही दोन वेगळी घरं आहेत, दोन्ही भरा. संकलनात प्रत्येक गाण्याचा कलाकार वेगळा आणि अल्बम-कलाकार एकच असतो. हे घर रिकामं राहिलं की प्लेअर एका अल्बमचे पंधरा अल्बम दाखवतो. वर्षाचंही तसंच: मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि हातातल्या आवृत्तीचं वर्ष वेगळं ठेवायची सोय आहे, ती वापरा. आणि म्युझिकब्रेन्झचे ओळखक्रमांक न विसरता लिहा. उद्या डेटाबेसमध्ये नाव सुधारलं गेलं, तर पुन्हा ओळख न करता नुसतं ताजं करून घेता येईल. मुखपृष्ठ कव्हर आर्ट आर्काइव्हमधून रिलीजच्या क्रमांकावरून मिळतं. ते मूळ मोठ्या आकारात प्रत्येक फाईलमध्ये कोंबू नका, मध्यम आकाराचं घ्या.

लिहिण्याआधी फाईलमधल्या फक्त ध्वनीच्या भागाचा, म्हणजे टॅग वगळून उरलेल्या बाइट्सचा, हॅश काढा. शेजारी नवी प्रत बनवा, त्या प्रतीत टॅग लिहा, पुन्हा हॅश काढा. दोन्ही जुळले तरच प्रतीचं नाव बदलून ती मूळ फाईलच्या जागी आणा. मध्येच वीज गेली तरी काही नासत नाही. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ नावाचा हॅश आधीच साठवलेला असतो. ती फाईल मुळात शाबूत आहे का, हेही त्यातून कळतं. याशिवाय प्रत्येक फाईलचे जुने सगळे टॅग, नवे टॅग आणि निर्णयामागचे गुण एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदवा. कोणाला निकाल पटला नाही तर एका आदेशात आख्खा फोल्डर पूर्ववत करता आला पाहिजे. आणि तुम्हाला अर्थ न कळणारी घरं पुसू नका. कोणीतरी हातानं लिहिलेली टिपणं, गीताचे शब्द, मानांकनं तिथे असतात, आणि ती कुठल्याच डेटाबेसमधून परत मिळत नाहीत.

सेवा वापरण्याची शिस्त पाळा. म्युझिकब्रेन्झवर सेकंदाला एक विनंती, ॲकूस्टआयडीवर सेकंदाला तीन, आणि प्रोग्रॅमनं स्वतःची ओळख नीट सांगायची. ४०,००० फायलींचे ठसे सेकंदाला तीन या वेगानं पावणेचार तासांत विचारून होतात. म्युझिकब्रेन्झला प्रत्येक गाण्यासाठी विचारलंत तर अकरा तासांवर लागतील. रिलीज एकदाच आणून त्यातले सगळे ट्रॅक साठवले तर त्याचा छोटासा भाग. आलेलं प्रत्येक उत्तर साठवून ठेवा, कारण अंतराची वजनं तुम्ही पुन्हा पुन्हा बदलणार आहात आणि दर वेळी नेटवर जायचं कारण नाही. फारच घाई असेल तर म्युझिकब्रेन्झचा डेटा उतरवून घेता येतो. त्याचा मुख्य भाग सीसी० खाली, म्हणजे कुठलेही हक्क न राखता, खुला आहे.

वजनं आणि मर्यादा कशा ठरवायच्या? संग्रहातले काही फोल्डर यदृच्छेनं निवडा, त्यात अल्बम, संकलनं, सुट्या फायली, अप्रकाशित मुद्रणं सगळं येऊ द्या, आणि त्यांची खरी उत्तरं हातानं लिहून ठेवा. मग ‘किती टक्के बरोबर’ हा एकच आकडा न काढता दोन काढा: चुकीचं लिहिलेले किती, आणि न लिहिता सोडलेले किती. पहिला शून्याच्या अगदी जवळ येईपर्यंत मर्यादा कडक करत जा, दुसरा वाढला तरी चालेल.

स्वतः लिहायला बसण्याआधी पिकार्ड आणि बीट्स ही दोन मुक्त साधनं वापरून बघा. बीट्स पायथनमध्येच आहे आणि फोल्डरवार जुळणी, अंतर, जोडणी हे सगळं करतं. त्याला प्लगइन लिहून तुमचं काम भागलं तर उत्तमच. तरीही स्वतःचं हवं असेल तर पहिली आवृत्ती फक्त वाचणारी बनवा. ती एकाही फाईलमध्ये काही लिहिणार नाही, नुसता तक्ता देईल: फोल्डर, सुचलेलं रिलीज, अंतर, दुसऱ्या पर्यायाचं अंतर. तो तक्ता काही दिवस चाळलात की तुमच्या संग्रहात काय काय आहे ते कळेल आणि मर्यादा कुठे ठेवायच्या तेही सुचेल.

शेवटी, जे फोल्डर ओळखले गेले नाहीत आणि तुम्ही हातानं शोधून नक्की केलेत, त्यांचे ठसे ॲकूस्टआयडीला पाठवा. ज्यांच्याकडे तेच दुर्मिळ मुद्रण आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. त्यासाठी ॲप्लिकेशनच्या किल्लीबरोबर तुमची स्वतःची वापरकर्ता-किल्ली लागते. प्रोग्रॅमनं आपोआप जुळवलेले ठसे मात्र पाठवू नका. तुमच्या प्रोग्रॅमचा अंदाज डेटाबेसमध्ये गेला की उद्या दुसऱ्या कोणाचा प्रोग्रॅम त्यालाच पुरावा धरेल.